विद्वत्ता घराघरांत नेणारा कादंबरीकार

अभिजात कला मूठभर जाणकारांसाठी आणि करमणूक उरलेल्यांसाठी, ही वाटणी ब्रिटनमध्ये दीर्घकाळ रूढ होती. ती न मानता नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर सहा दशके काम करणारे नाव म्हणजे मेल्विन ब्रॅग. बीबीसी रेडिओ ४ वरील 'इन अवर टाइम'च्या सूत्रसंचालनातून ते निवृत्त होत असल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा या कार्यक्रमाचे हजारांहून अधिक भाग झाले होते.

ब्रॅग यांचा जन्म १९३९ चा. कंब्रियातील विग्टन या लहानशा गावी, कामगारवर्गीय घरात ते वाढले. शिष्यवृत्तीच्या बळावर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये इतिहासाचे शिक्षण घेतले आणि १९६१ मध्ये ते बीबीसीत उमेदवार म्हणून दाखल झाले. 'फॉर वाँट ऑफ अ नेल' ही त्यांची पहिली कादंबरी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून लेखन आणि प्रसारण ही दोन्ही कामे समांतर चालली.

आयटीव्हीवर १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'द साउथ बँक शो'ने त्यांना घराघरांत पोहोचवले. पहिल्याच भागात बीटल्सचे पॉल मॅकार्टनी होते. पॉप संगीताला नाटक, चित्रकला आणि ऑपेरा यांच्या पंक्तीला बसवण्याचे धोरण त्यांनी पुढेही सोडले नाही.

मजूर पक्षातर्फे उमराव सभेचे सदस्यत्व मिळाल्याने १९९८ मध्ये त्यांना रेडिओवरील 'स्टार्ट द वीक' सोडावे लागले. त्याच वर्षी 'इन अवर टाइम' सुरू झाले. एक विषय, त्यातील तीन अभ्यासक आणि थेट चर्चा एवढाच त्याचा आराखडा. नव्या पुस्तकांची जाहिरात नाही की चमकदार पाहुणे नाहीत. भौतिकशास्त्रापासून भगवद्गीता आणि सम्राट अशोकापर्यंतचे विषय त्यात आले. तयारी करून आलेल्या सामान्य श्रोत्याला पडतील तेच प्रश्न ब्रॅग विचारत. उत्तर लांबले वा धूसर झाले, की मध्येच थांबवत.

या प्रसिद्धीमुळे त्यांच्यातील कादंबरीकार मात्र काहीसा झाकोळला. वास्तविक त्यांच्या प्रसारणाची प्रेरणा कादंबऱ्यांतच सापडते. 'द हायर्ड मॅन'मध्ये (१९६९) कंब्रियातील शेतमजूर आहे, तर 'द सोल्जर्स रिटर्न'मध्ये (१९९९) ब्रह्मदेशच्या रणभूमीवरून विग्टनला परतलेला सैनिक. विद्यापीठाची दारे ज्यांच्यासाठी कधी उघडलीच नाहीत, अशी ही माणसे. त्यांना समज कमी नव्हती, संधी कमी होती, हे ब्रॅग यांनी जवळून पाहिले होते. कठीण विषय सोपा करताना तो उथळ होऊ न देण्याचा त्यांचा आग्रह त्या अनुभवातूनच आला.