ठासणीची बंदूक : बार भरताना घाई नको!

शेतकरी बंधूंनो, भात निसवायला लागलं की रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत लोळवून जातात. मग माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली येते. शेतसंरक्षणाचा परवाना असलेल्या घरांत ही बंदूक बापाकडून मुलाकडे आलेली असते आणि ती भरायची रीतही तशीच तोंडी आलेली असते. घोटाळा होतो तो इथंच.

बारा बोअरच्या बंदुकीचं काडतूस कारखान्यातून मोजूनमापून भरून येतं. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा, छर्रे आणि टोपी हे सगळं दर बाराला तुम्हीच भरता. म्हणजे कारखानदार तुम्हीच आणि तपासनीसही तुम्हीच. अंदाज चुकला तर नळी तुमच्याच तोंडाजवळ फुटते.

दारू कोणती?

या बंदुकीला फक्त काळी दारू चालते. काडतूस फोडून त्यातली दारू नळीत ओतण्याचा उद्योग कुणी करत असेल, तर त्याला आजच थांबवा. ती बिनधुराची दारू असते. दिसायला तेवढीच भरली, तरी तिचा दाब कितीतरी जास्त असतो. ठासणीची नळी त्या दाबासाठी बनवलेलीच नसते.

काळी दारू ओल लवकर धरते. म्हणून ती चुलीजवळ किंवा तव्यावर वाळवायची नाही. ओली झालेली दारू वापरातून काढा. दारू आणि टोप्या वेगवेगळ्या ठिकाणी, कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. बार भरताना तोंडात विडी नको आणि जवळ कंदीलही नको.

भरताना काय पाहाल?

पहिली गोष्ट म्हणजे नळी रिकामी आहे याची खात्री. गेल्या हंगामातला बार आत तसाच राहिलेला असतो आणि त्यावर दुसरा ठासला जातो. याला सोपा उपाय आहे. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. पुढच्या वेळी खूण वर राहिली, की आत काहीतरी आहे हे समजा.

दुसरी गोष्ट, दारू मुठीनं किंवा डोळ्यांनी मोजू नका. बंदूक बनवणाऱ्यानं सांगितलेलं प्रमाण पाळा आणि त्यासाठी एकच ठरावीक माप ठेवा. डब्यातून थेट नळीत तर कधीच ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी नळीत धुमसत असली, तर हातातला डबाच पेट घेतो. म्हणून दोन बारांमध्ये थोडा वेळ जाऊ द्या.

तिसरी गोष्ट, बोळा आणि छर्रे दारूवर नीट टेकले पाहिजेत. मध्ये पोकळी राहिली तर नळीवर भलताच ताण येतो. ठासताना तोंड आणि छाती नळीच्या रेषेत आणू नका. टोपी सगळ्यात शेवटी चढवा, तीही नळी मोकळ्या दिशेला धरून.

घोडा पडला, टोपी वाजली, पण बार उडाला नाही, तर लगेच आत डोकावू नका. बार उशिरानंही सुटतो. नळी मोकळ्या दिशेला धरून थांबा. काम झाल्यावर नळी गरम पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवा. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि नळी आतून खाते.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. मुदत कधी संपते ते आजच काढून बघा. परवान्याशिवाय बंदूक बाळगली तर किमान दोन वर्षं कैद होऊ शकते. परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा बनवणं त्याहून गंभीर आहे. त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

आणखी एक गैरसमज फार आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायचं असलं, तरी कलम 11 खाली अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी लागते. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. अंधारात नुसती पानं हलली म्हणून बार टाकू नका. पलीकडे गवा असेल, शेजाऱ्याची म्हैस असेल, नाहीतर राखणीला आलेला माणूसही असेल.

गावकारभाऱ्यांनो,

पोलीस पाटील, तलाठी आणि सरपंचांनी हंगाम सुरू होण्याआधी गावातल्या परवानाधारकांची एक बैठक घ्यावी. परवान्याची मुदत, बंदुकीची अवस्था आणि दारू ठेवायची जागा, एवढी तीन कामं एका सकाळी उरकतात. नळीला तडा असेल, घोडा सैल असेल, तर ती बंदूक परवानाधारक कारागिराकडून दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. नुकसान झालं, की वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या. भरपाईचा अर्ज त्यावरच उभा राहतो.