सातबाऱ्याची बिऱ्हाडं

नांदेड-लातूरच्या जमिनीचे कागद पहिल्यापासून हिंडतेच. निजामाच्या काळात नोंदी उर्दूत, सालं फसली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दप्तर मराठीत रुळत गेलं. तलाठ्याकडे ते रुमालात बांधलेलं असे. गाठ सुटली की आपली जमीन डोळ्यांना दिसे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते रुमालातून निघालं. पहिला मुक्काम तहसीलच्या सर्व्हरवर. नांदेडचे १६ तालुके, लातूरचे १०. ज्याचं त्याचं यंत्र ज्याच्या त्याच्या खोलीत. भारनियमनात बॅटरी टिकेल तेवढंच काम, आणि डिस्क बिघडली की तालुका ठप्प.

फेरफार ऑनलाइन नोंदवणारी ई-फेरफार प्रणाली आल्यावर हा डेटा राज्याच्या डेटा सेंटरमध्ये गेला, पुढे क्लाउडवर. तिथे तालुक्याला वेगळं यंत्र नसतं. आपल्या सामायिक विहिरीसारखं असतं ते: पाणी एक, पाळ्या वाटलेल्या, शिवाय ज्याच्या पिकाला ताण बसलाय त्याची पाळी वाढवता येते. आपल्याकडे ही सोय हवीच होती. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच वर्षीच्या खरिपात प्रधानमंत्री पीक विमा सुरू झाला. विम्याची मुदत संपत आली की अख्खा जिल्हा एकदम सातबारा मागतो. पण डेटा एका जागी आला तशी अडचणही एका जागी आली. 'सर्व्हर डाऊन' हे शब्द बांधावर पोचले ते तेव्हा. साठा कितीही वाढवला तरी सज्ज्यातली रेंज वाढत नव्हती. कितीतरी तलाठ्यांनी रात्री जागून नोंदी चढवल्या. त्या जागरणांची दखल कुणी फारशी घेतली नाही, याचं मला वाईट वाटतं.

कारण खरं काम तेच होतं. नोंद चढवताना ४० आरचे ४ आर झाले असतील, तर यंत्र ते ४ आरच बिनतक्रार नव्या जागी नेतं. हस्तलिखिताशी एकेक खातं ताडायला री-एडिट आलं. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, सातबारा लोकांपुढे मोठ्यानं वाचला गेला. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आता तो १५ रुपयांत मोबाइलवर उतरतो.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधायला मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांतले जुने रुमाल पुन्हा सोडले गेले. पानं स्कॅन करायला यंत्रं होती. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं मात्र शोधावी लागली.