सावरल्यानंतरचा चातुर्मास

चातुर्मास लागला की सटाण्यातील जैन घरांत एकाशन, आयंबिल, अठ्ठाई यांचे संकल्प सुरू होतात. अतिरेकी अन्नत्यागाच्या विकारातून उपचारांनी नुकत्याच सावरलेल्या मुलीसाठी मात्र हा काळ विशेष नाजूक असतो. पूर्वी चोरून टाळलेले जेवण आता सर्वांची अनुमोदना घेत टाळता येते, आणि आजार परतल्याचे घरात कोणाच्याही ध्यानी येत नाही.

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे चित्त अहोरात्र अन्नाभोवतीच घुटमळू लागले. निरोग्यांची ही गत, तर सावरणाऱ्या मनाचे काय! म्हणूनच वजन पूर्ववत झाल्यावरही नियमित आहार व फेरतपासणी सोडू नये, आणि पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

तत्त्वार्थसूत्रानेही तप शक्तीनुसारच सांगितले आहे. शिवाय बारा तपांपैकी सहा अंतरंग आहेत. स्वाध्याय, वैयावृत्त्य यांसाठी उपाशी राहावे लागत नाही.

‘किती छान बारीक झालीस’ ही प्रशंसा घरच्यांनी कटाक्षाने टाळावी. क्लासहून उशीर झाला आणि चौविहारामुळे जेवण राहिले, असेही होऊ देऊ नये. सोबत डबा द्यावा, आणि घरी असताना कोणीतरी तिच्याबरोबर जेवायला बसावे.