हरलेल्या माशाने जायचं कुठे?

अंधारात दिसण्याचा चष्मा डोळ्यांवर चढवून एक संशोधक टाकीतला एक मासा अलगद उचलून नेतो. दिवे लागायला अजून तासाभराचा अवकाश आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेत झालेला हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. उचललेला मासा त्या टाकीतला दादा होता. त्याच्या धाकाने फिकट रंगात, अंग चोरून वावरणारा दुसरा नर मागे राहिला. दिवे लागले, दादा कुठेच दिसेना, आणि काही मिनिटांतच या दबलेल्या माशाच्या अंगावर झळझळीत रंग चढले, डोळ्याजवळ काळा पट्टा उमटला, तो इतरांना हुसकावू लागला. एवढ्याशा वेळात त्याच्या मेंदूतल्या, प्रजननाची सूत्रं हलवणाऱ्या पेशींत एक जनुक जागं झालं होतं.

हा मासा आफ्रिकेतला सिक्लिड, पण सिक्लिडांचं कुळ फार पसरलेलं आहे. आपल्या बाजारातली चिलापी त्यातलीच, गोव्यातली कालुंदरही. रिओ ग्रांडे नदीच्या पाण्यात राहणारा टेक्सास सिक्लिड हा अमेरिकेचा एकमेव देशी सिक्लिड, शास्त्राने त्याची नोंद केली ती १८५४ मध्ये. अमेरिकेतल्या कितीतरी घरांत काचेच्या टाकीत सिक्लिडची दोन पिल्लं सोडली जातात आणि थोड्याच दिवसांत एक दुसऱ्याला फिल्टरमागच्या कोपऱ्यात दाबून ठेवतं. पाळणारा हवालदिल होतो. अजून जोडीदाराचं वय नाही, खाणं भरपूर आहे, मग भांडण कशाचं?

नेमका हाच प्रश्न ओहायोतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या रोनाल्ड ओल्डफिल्ड यांनी हाती घेतला. त्यांनी निवडला मिडास सिक्लिड, आणि तोही मुद्दाम वयात न आलेला, म्हणजे वीण आणि तिच्याबरोबरची भांडणं बाजूलाच राहिली. निकाराग्वातलं ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, प्राणिसंग्रहालयातला मोठा कृत्रिम ओढा आणि घरगुती मापाच्या टाक्या, अशा ठिकाणची वागणूक त्यांनी ताडून पाहिली. २०११ मध्ये आलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. टाकी थोडी मोठी केली किंवा मासे थोडे कमी-जास्त केले, तर मारामारीत फरक पडत नव्हता. जागा पुरेशी प्रशस्त झाली आणि तिच्यात दगड, झाडं, आडोसे आले, तेव्हाच भांडणात जाणारा वेळ घटला.

असं का व्हावं? मोकळ्या पाण्यात दोन सिक्लिड समोरासमोर आले की आधी पर ताठ होतात, कल्ले फुगतात. मग अंगाला अंग समांतर ठेवून शेपटीने पाण्याचा झोत समोरच्यावर सोडला जातो. अंगावरच्या संवेदी रेषेला त्या झोतावरून समोरच्याचा जोर कळतो. कधी तोंडात तोंड अडकवून ओढाताण होते. हरणारा रंग फिका करतो, पर मिटतो आणि निघून जातो. इथे भांडण संपतं. टाकीत हा शेवटचा भाग घडूच शकत नाही. हरलेला शरण येतो, पण जिंकलेल्याच्या नजरेसमोरच राहतो.

आणि ही नजर साधी नाही! फर्नाल्ड यांच्याच प्रयोगशाळेने २००७ मध्ये दाखवलं, की माशाने पाच जणांच्या ओळीत दुसऱ्याला पहिल्याकडून, तिसऱ्याला दुसऱ्याकडून, असं क्रमाने हरताना नुसतं पाहिलं, तर दुसरा आणि चौथा यांची झुंज न पाहताही चौथा दुबळा हे तो ताडतो आणि त्याच्याच बाजूला जास्त रेंगाळतो. बर्कलीच्या जॉर्ज बार्लो यांनी तर मिडास सिक्लिडमध्ये सोनेरी मासा त्याच मापाच्या करड्या माशावर वरचढ ठरतो असं नोंदवलं आहे. दोन पिल्लं निवडताना माप सारखं ठेवलं तरी पारडं रंगाने झुकू शकतं.

म्हणून दोनच मासे ही मला सगळ्यात अवघड संख्या वाटते. सगळा रोख एकावरच. मोठ्या टाकीत वरच्या पाण्यात पोहणारे चपळ मासे सोडले, तर दादाचं लक्ष विभागतं. दगड आणि लाकडाचे ओंडके असे मांडावेत, की टाकीच्या एका टोकाकडून दुसरं टोक दिसू नये. लपायच्या जागेला दोन तोंडं हवीत, एकच असेल तर दुबळा आत कोंडला जातो. दांडगट माशाला काही दिवस वेगळं ठेवावं आणि मांडणी पूर्ण बदलूनच परत आणावं, म्हणजे त्याने राखलेली हद्द त्याला सापडत नाही.

एवढं करूनही पराच्या कडा फाटत राहिल्या, दुबळा खाणं सोडून पाण्याच्या वरच्या थरात एका जागी लोंबकळू लागला, तर वाट पाहू नये. मधे भोकांचं पारदर्शक तावदान बसवावं. पाणी दोघांचं एकच राहतं, ते एकमेकांना पाहतात, ताठ होतात, चावा मात्र पोचत नाही. काही जोड्यांना ते तावदान कायमचं लागतं.