रेषेबाहेर गेलेला चेंडू

११ जून २०२४ ची रात्र. शाळा उघडायला चार दिवस बाकी होते, बकरीद आठवड्यावर आली होती. इशाची नमाज आटोपून आम्ही सगळे एका मोबाइलभोवती बसलो. सव्वानऊला दोह्यात भारत आणि कतार यांचा सामना सुरू होणार होता. हिंगोलीत क्रिकेटच्या सामन्याला गल्ली जागी असते, फुटबॉलला नाही. पण आमच्या सातवीतल्या मुलाने आठ दिवसांपासून घर डोक्यावर घेतले होते. हा सामना जिंकला तर भारत विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत जाणार होता. तिथवर आपण कधीच पोहोचलो नव्हतो.

सुनील छेत्रीने पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात निवृत्ती घेतली होती. त्याच्याविना उतरलेल्या संघाने ३७ व्या मिनिटाला गोल केला. गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसचा पास आणि मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगतेचा फटका. मुलगा पलंगावरून उडी मारून खाली आला. मध्यंतराला १-०.

मग ७३ वे मिनिट आले. कतारच्या खेळाडूचा हेडर आपला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला. चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलखांबाच्या बाजूने रेषेबाहेर गेला. गुरप्रीत जमिनीवरच होता. कतारच्या एकाने तो बाहेरचा चेंडू पायाने मागे ओढला, युसूफ आयमनने जाळ्यात ढकलला. आपले खेळाडू हात वर करून थांबले होते, कारण त्यांच्या हिशेबाने खेळ संपला होता. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. आपल्या खेळाडूंनी त्यांना घेरले, काही उपयोग झाला नाही. ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि सामना २-१ ने गेला.

नियम साधा आहे. पूर्ण चेंडूने पूर्ण रेषा ओलांडली की तो बाहेर, मग जमिनीवरून असो की हवेतून. दूरदर्शनच्या चित्रात हे आमच्या शेजारच्या सत्तर वर्षांच्या चाचांनाही दिसले. ज्यांना दिसायला हवे होते त्यांना दिसले नाही, आणि चित्र पुन्हा पाहून निर्णय बदलण्याची ‘व्हीएआर’ ही सोय त्या फेरीत नव्हती. २०१८ च्या रशियातील विश्वचषकापासून मोठ्या स्पर्धांत ती आहे. गरीब संघ ज्या पायरीवर धडपडतात, त्या पायरीवर ती नसते. भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, चौकशी मागितली. निकाल होता तोच राहिला.

मुलगा रडत झोपला. सकाळी गल्लीतल्या पोरांचा निवाडा तयार होता: “पंचाने पैसे खाल्ले.” इथे आम्ही त्यांना अडवले. चूक दिसली, ती चूक म्हणा. पैसे कोणी पाहिले? पुराव्याशिवाय कुणावर असा आळ घेणे आपल्या घरात चालत नाही, मग तो माणूस कोरियाचा का असेना.

त्यांना अडवण्याचे आणखी एक कारण होते, ते तेव्हा सांगितले नाही. काही वर्षांपूर्वी शाळेच्या एका सामन्यात शिट्टी आमच्या हातात होती. पावसाने चुन्याच्या रेषा पुसून गेल्या होत्या. आम्ही मैदानाच्या मध्यात, चेंडू पार कोपऱ्यात. गोल दिला. हरलेल्या संघातला एक मुलगा नंतर जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, बॉल बाहर गया था.” तो खरे बोलत होता, हे आज आम्हाला पटते. त्या दिवशी मात्र आम्ही त्यालाच दटावले.

दोह्यात गोदामात काम करणाऱ्या भाच्याचा फोन दुपारी आला. “मामू, रूममधे कोणी जेवलं नाही रात्री,” म्हणाला. त्याच्या खोलीत एक केरळचा तरुण आहे. तो म्हणे हसत होता. पंचांच्या निर्णयाने जळणे आम्हाला नवीन नाही, हे त्याचे म्हणणे. त्याचा संघ केरळ ब्लास्टर्स. ३ मार्च २०२३ ला बेंगळुरूत आयएसएलच्या बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला होता. ९६ व्या मिनिटाला ब्लास्टर्सची भिंत आणि गोलरक्षक सज्ज होण्याआधीच छेत्रीने फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो मान्य केला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर बोलावला आणि तो परतलाच नाही. सामना बेंगळुरूला बहाल झाला, ब्लास्टर्सला चार कोटींचा दंड आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. केरळात त्यांचे कौतुकही खूप झाले. आम्हाला ते पटलेले नाही. सुमारे पंचवीस मिनिटांचा खेळ शिल्लक होता, त्यात बरोबरी होऊ शकली असती. रागाने ती संधी स्वतःच्या हाताने फेकली.

इंग्लंडचे उदाहरण आम्हाला जास्त आवडते. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू आडव्या खांबाला लागून स्पष्ट रेषेच्या आत पडला, गोल मिळाला नाही. इंग्लंड ४-१ ने हरले, पण खेळत राहिले. जगभर ओरड झाली आणि २०१४ च्या विश्वचषकात चेंडूने रेषा ओलांडली का, हे सांगणारे यंत्र आले.

आता खरी गोष्ट. ही चर्चा घरात चार दिवस चालली. मुलांच्या अम्मीला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही. तिने भाकरी थापता थापता विचारले, “अफगाणिस्तानशी हरलो तेव्हा कोणता पंच होता?”

आम्ही गप्प. मग मुलाने वही काढली. कुवेतला कुवेतमध्ये १-० ने हरवले, तीन गुण. कतारकडून भुवनेश्वरला ०-३. अफगाणिस्तानशी सौदीत ०-०. त्याच अफगाणिस्तानशी २६ मार्चला गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, १-० ने पुढे असताना १-२ ने हार. कोलकात्यात कुवेतशी पुन्हा ०-०. एकूण पाच गुण. कुवेत सात गुणांवर पुढे गेले. दोह्यातली बरोबरीही आपल्याला सहावरच नेणार होती. गुवाहाटीत जिंकलो असतो तर आठ गुण झाले असते आणि दोह्यातला तो गोल पचवूनही आपण पुढच्या फेरीत असतो.

वही त्याने बंद केली नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई सिटीने साखळीच्या शेवटच्या सामन्यात बेंगळुरूला २-० ने हरवून कशीबशी सहावी जागा पकडली, आणि त्याच महिन्यात बाद फेरीत त्याच बेंगळुरूकडून ०-५ ने मार खाल्ला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरने भारताला २-१ ने हरवले, आशिया चषकाचेही दार बंद झाले. दोन्ही निकालांपुढे त्याने ‘पंच’ असा रकाना आखला होता. तो रिकामा आहे.

दोह्यातला गोल चुकीचाच होता, त्यावर आम्ही आजही ठाम आहोत. पण मुलाचा तो रकाना पाहिल्यापासून घरात पंचाचे नाव जरा जपून निघते.

यंदा शाळेत आम्ही एक बदल केला. यंत्र आणणे आपल्या आवाक्यातले नाही. म्हणून सामन्याआधी चुना नव्याने टाकायचा आणि दोन्ही गोलांपाशी एकेक मुलगा झेंडी घेऊन उभा करायचा. पहिल्याच सामन्यात आमच्या चिरंजीवांनी स्वतःच्या वर्गाविरुद्ध झेंडी दाखवली. चेंडू त्यांच्या वर्गाने अडवला होता, पण रेषेच्या आत. वर्गातल्या पोरांनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी डबा खायला मात्र सगळे एकत्रच बसलेले दिसले.