ई-रिक्षाची बॅटरी बदलण्यापूर्वी

"भाऊजी, तुम्ही हिशोबाचे माणूस. जरा कागदावर मांडून द्या." २०२४ च्या जुलै महिन्यात एका रविवारी आमच्या वस्तीतील वहिनी वही-पेन घेऊनच घरी आल्या. सोबत त्यांचे यजमान होते. ते उत्तर नागपुरात कमाल चौक ते रेल्वे स्टेशन अशी ई-रिक्षा चालवतात. गाडी २०१९ सालची. पाच वर्षांत बॅटरीचे चार सेट संपले होते. "कमावतो मी आणि खाते बॅटरी, असं चालू हाये जी," असे ते हसत म्हणाले. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

२०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ई-रिक्षाला कायद्यात जागा मिळाली. त्यानंतर आपल्या वस्त्यांतील कितीतरी बांधवांनी कर्ज काढून ही गाडी घेतली. गाडी घेताना किंमत विचारली जाते, बॅटरी किती दिवस टिकेल हे कुणी विचारत नाही. खरा खर्च तर तिथेच असतो.

जुन्या गाडीत सीटखाली १२ व्होल्टच्या चार ॲसिडच्या बॅटऱ्या असतात. एकेक सुमारे तीस किलोची. रोज अर्ध्याहून जास्त उतरवली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. त्यात नागपूरचा उन्हाळा. पाणी उडते, पट्ट्या उघड्या पडतात. सुरुवातीला ७०-८० किलोमीटर जाणारी त्यांची गाडी चाळिसावर आली होती. दुपारी ऐन धंद्याच्या वेळी घरी येऊन चार्जिंग लावावे लागे.

एका मिस्त्रीने सांगितले होते, "दोनच बदला, काम भागेल." हे ऐकू नये. चारही बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यातली सर्वांत अशक्त जेवढी चालेल तेवढीच गाडी चालते, आणि जुन्यांच्या संगतीत नव्याही लवकर खराब होतात.

आता हिशोब. ॲसिडचा नवा सेट त्यांना ४५ हजाराला मिळत होता. जुना सेट दिला तर ११ हजार वजा. म्हणजे ३४ हजार, आणि आयुष्य त्यांच्या अनुभवाने बारा महिने. महिन्याला २,८३३ रुपये घसारा. लिथियमची बॅटरी चार्जरसह ८४ हजार, जुन्याचे ११ वजा जाता ७३ हजार. वॉरंटी तीन वर्षे. महिन्याला २,०२८ रुपये. शिवाय वजन चार बॅटऱ्यांच्या निम्म्याहून कमी, चार्जिंग तीन-चार तासांत आणि डिस्टिल्ड वॉटरची कटकट नाही.

कागदावर लिथियम स्वस्त पडते, पण ती बॅटरी तीन वर्षे टिकली तरच. मागच्याच गल्लीतील एका बांधवाने बिलाशिवाय, दहा हजार स्वस्त मिळाली म्हणून बॅटरी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात पाणी शिरून ती बंद पडली. दुकानदार ओळख दाखवेना. म्हणून पक्के बिल, त्यावर बॅटरीचा नंबर आणि वॉरंटी कार्डावर शिक्का, एवढे घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या गाडीत वेगळ्या जातीची बॅटरी बसवताना आरटीओ आणि विमा कंपनीकडेही आधी विचारपूस करावी.

गाडीतही काही बदल करावे लागतात. ई-रिक्षात बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बसते. ३.२ व्होल्टचे सोळा सेल जोडून ५१.२ व्होल्ट होतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणारे सर्किट आत असते, त्याला बीएमएस म्हणतात. ॲसिडचा जुना चार्जर तिला लावू नये, तिचा वेगळा असतो. जुना काटाही फसवतो. ॲसिडच्या बॅटरीचा व्होल्ट हळूहळू उतरतो, लिथियमचा शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो आणि मग एकदम पडतो. काटा भरलेला दाखवत असताना गाडी रस्त्यात उभी राहते. तेव्हा लिथियमचा मीटर बसवून घ्यावा. बॅटरी आकाराने लहान म्हणून जुन्या खोक्यात हलते, ती पट्टीने घट्ट आवळावी. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंग लावू नये, अर्धा तास थंड होऊ द्यावी. आणि भगिनींनो, घरातून बाहेर पडायच्या एकमेव दारात रात्री चार्जिंग कधीच लावू देऊ नका. बॅटरी कोणतीही असो.

आता कर्ज. फायनान्सवाला ५० हजार रुपये दोन वर्षांसाठी "फक्त १२ टक्क्यांनी" द्यायला तयार होता. हे फ्लॅट व्याज. मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण ५० हजारांवरच लागते. दोन वर्षांचे १२ हजार. खरा दर पाहिला तर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. वहिनींच्या बचत गटाचा दरही महिना एक टक्का, म्हणजे वर्षाला बाराच. पण तो उरलेल्या मुद्दलावर. पहिला हप्ता दोन्हीकडे सारखाच, २,५८३ रुपये! म्हणूनच माणूस फसतो. गटाचा हप्ता दर महिन्याला उतरत जातो आणि एकूण व्याज होते ६,२५०. ते धरूनही लिथियमचा खर्च महिन्याला २,२०१ पडत होता.

गटाचे ५० हजार झाले. उरलेले २३ हजार कुठून आणायचे? घरात तेवढेच होते, मुलीच्या नर्सिंगच्या फीचे. दुसरा हप्ता जानेवारीत भरायचा होता. मी स्पष्ट नको म्हणालो. हिशोब कितीही बरोबर असला तरी शिक्षणाच्या पैशाला हात लावू नये, असे माझे मत होते, आजही आहे. वहिनी बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, दुपारच्या फेऱ्या वाचल्या तर रोजचे दीडशे वाढतात. ते माझ्या हातात येणार असतील तरच." यजमानांनी मान हलवली.

बॅटरी बसली. जुन्या चार बॅटऱ्या दुकानात जमा करून पावती घेतली. काही लोक त्या अंगणात फोडून शिसे काढतात. तो धूर आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते, म्हणून तसे कुणी करू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

दुपारचे पैसे वहिनी डब्यात वेगळे ठेवू लागल्या. दिवाळीत पाहुणे आले, ऑक्टोबर अखेरचे दहा दिवस डब्यात काहीच पडले नाही. डिसेंबर संपता संपता रक्कम २०,४०० झाली. उरलेले २,६०० त्यांनी गटातील एका बहिणीकडून हातउसने घेतले. १३ जानेवारीला फी भरली. ती पावती मला दाखवायला आल्या तेव्हा बॅटरीचे बिल आणि वॉरंटी कार्डही त्याच पिशवीत होते.