दुखतं एकीकडे, कळतं दुसरीकडे

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने एकदा एका जिवंत तरुणाच्या हृदयाला हात लावला होता. गोष्ट १६४१ च्या सुमाराची. मॉन्टगोमेरी नावाच्या सरदाराचा मुलगा लहानपणी पडला, डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या, जखम पिकली आणि पुढे भरून आली ती छातीत एक मोठं भोक ठेवूनच. रक्ताभिसरण उलगडून दाखवणारा विल्यम हार्वे तेव्हा राजाचा वैद्य होता. त्याने त्या भोकातून बोटं आत घालून धडधडणारं हृदय चाचपलं आणि मग राजालाही चाचपायला लावलं. सगळ्यात मोठं नवल पुढेच होतं. त्या पोराला यातलं काहीच जाणवत नव्हतं! डोळ्यांनी दिसलं किंवा बाहेरच्या कातडीला बोट लागलं, तरच त्याला समजे.

मग छातीत दुखतं तेव्हा नेमकं दुखतं काय?

हृदयाला स्पर्श कळत नाही, उपासमार कळते. दिवसाला सुमारे १ लाख ठोके देणाऱ्या या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असतात. हातापायांचे स्नायू आराम करताना रक्तातला थोडाच ऑक्सिजन घेतात आणि गरज पडली की जास्त ओढतात. हृदय मात्र आपण गाढ झोपलेले असतानाही, आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतं. शिल्लक फारशी उरतच नाही. त्यामुळे जिना चढताना त्याला जादा रक्तच हवं असतं. धमनी अरुंद झाली असेल तर ते पोचत नाही, स्नायूत अॅडेनोसिनसारखी रसायनं साचतात आणि नसांची टोकं चेतवली जातात.

ही खबर मेंदूकडे जाते ती मज्जारज्जूतून, आणि खरी गंमत तिथे आहे. डाव्या हाताची आतली बाजू, छातीची कातडी, अन्ननलिका, या सगळ्यांचे निरोप मज्जारज्जूच्या त्याच पट्ट्यात येऊन मिळतात. पूर्वी अख्ख्या चाळीत एकाच बिऱ्हाडी फोन असे. घंटा वाजली की कोणासाठी आहे ते कळायचं नाही, आणि ज्याला रोज फोन येत त्यालाच आधी हाक जायची. मेंदूही तसंच करतो. हाताकडून आयुष्यभर निरोप आलेले, हृदयाकडून जवळजवळ कधीच नाही, म्हणून तो हाताला हाक मारतो. माणूस म्हणतो, ‘हात भरून आलाय’. कोणाचा जबडा दुखतो, कोणाची पाठ. आणि कितीतरी जणांना वाटतं, गॅस झालाय.

ओवा खाऊन, सोडा पिऊन रात्र काढणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांचं शरीर त्यांना खरोखरच तसं सांगत असतं. पण म्हणूनच ‘कुठे दुखतं’ यापेक्षा ‘कधी दुखतं’ हा प्रश्न मोलाचा ठरतो. विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरने १७७२ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात हेच टिपलं होतं: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते, थांबलं की आवळणं जातं. दोष हृदयाच्या धमन्यांत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण आजही कार्डिऑलॉजिस्ट पहिल्यांदा तेच विचारतात.

असं चढावर दुखून थांबल्यावर जात असेल तर त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावं. तेच दुखणं बसल्याजागी किंवा पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागलं, काही मिनिटांत ओसरेना किंवा सोबत दरदरून घाम, मळमळ वा धाप असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करायचा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायची नाही. तिने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. मधुमेह्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही. नुसती धाप लागते किंवा गळून गेल्यासारखं होतं. घरातल्या बाईने ‘आज जिन्यात दम लागला’ म्हटलं की ते कामाच्या थकव्यावर ढकललं जातं, याची मला फार काळजी वाटते.

एका बोटाने दाखवता येणारं, दाबलं की दुखणारं दुखणं बहुधा बरगड्यांचं किंवा स्नायूंचं असतं. खोल श्वासाबरोबर चमक मारत असेल तर फुप्फुसाच्या आवरणाला सूज असू शकते. पण हा निवाडा डॉक्टरांनी करायचा, कारण फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठही अशीच चमक मारते. आणि पाठीत फाटल्यासारखी अचानक कळ आली तर महाधमनीचा पदर फाटलेला असू शकतो. तिथेही १०८ च.

इस्पितळात पहिला ईसीजी नॉर्मल आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि निघायची घाई करतात. हृदयाच्या पेशी मरू लागल्यावर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, पण ते मोजण्याइतकं व्हायला काही तास लागू शकतात. म्हणून रक्त पुन्हा तपासतात, ईसीजी पुन्हा काढतात. डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले, तर थांबावं.